आमरीची कुंडी कशाने भरावी?



मुरबाड तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांनी घरामागच्या शेडनेटमध्ये ऑर्किडची, म्हणजे आमरीची, हजारभर रोपे लावली. पहिले वर्ष छान गेले. फुलांच्या काड्या कल्याणच्या फूलबाजारात विकल्या गेल्या. दुसरा पावसाळा मात्र भोवला. कुंड्यांतून आंबूस वास येऊ लागला, मुळे काळी पडली आणि निम्म्याहून अधिक रोपे बसली. औषधे फवारून पाहिली, गुण आला नाही. शेडनेटचे कर्ज अजून फिटायचे आहे. पुन्हा रोपे घ्यावीत की हा नाद सोडावा, असे त्या विचारतात. कुंड्या कशाने भरल्या होत्या तेही त्यांनी लिहिले आहे : नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि त्यात निम्मा काथ्याचा भुसा.

पत्रातल्या या शेवटच्या ओळीतच रोगाचे मूळ आहे. पण नुसते “भुसा वापरू नका” असे सांगून भागणार नाही. का वापरू नये हे कळले, तरच उद्या दुसरे कुणी तिसरीच वस्तू गळ्यात मारायला आले असता आपण फसणार नाही. म्हणून आज सगळा विचार मुळापासून करू.

आमरी बांडगूळ नव्हे

आमरी आपल्याला नवी नाही. माहुलीच्या पायथ्याशी, डोळखांबच्या बाजूला किंवा टोकावड्याहून माळशेजकडे जाताना जुन्या आंब्यावर, जांभळावर, ऐनावर जाड पट्ट्यासारख्या पानांचे झुपके आपण लहानपणापासून पाहतो. वैशाख-ज्येष्ठात त्यांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे तुरे लोंबू लागतात. तीच सीतेची वेणी. आसामात हिला कोपौ म्हणतात. बिहूच्या सणात तिथल्या मुली ती केसांत माळतात आणि ते त्या राज्याचे फूल आहे.

पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून झाडावरून ओरबाडून टाकतात. बांडगुळाची मुळे झाडाच्या सालीत घुसून रस पितात. आमरीची मुळे सालीवर नुसती धरून बसतात. झाडाकडून तिला बसायला जागा मिळते, अन्न नव्हे. पावसाचे पाणी, सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळ्याचा कस आणि हवा, एवढ्यावर तिचा संसार चालतो.

आता तिचे मूळ पाहा. ते केसासारखे बारीक नसते. दोरीसारखे जाड असते आणि वर पांढरट स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की हे आवरण पाणी शोषून घेते आणि मूळ हिरवट दिसू लागते. पाऊस थांबला की ते पुन्हा सुकून पांढरे होते. ओले होणे आणि सुकणे, हाच त्या मुळाचा श्वासोच्छ्वास. भाताचे रोप चिखलात आनंदाने उभे राहते, कारण त्याच्या देठातून मुळापर्यंत हवा उतरण्याच्या वाटा असतात. झाडावर राहणाऱ्या आमरीकडे तशी सोय नाही. तिचे मूळ आठवडाभर सलग ओल्या, दाबलेल्या गाळात राहिले की गुदमरते आणि मग कुजते. बुरशी नंतर येते. म्हणून अशा वेळी औषधाची बाटली घरात आणणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

आपले हवामान आपली परीक्षा घेते

शहापूर-मुरबाडकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कित्येकदा दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या घरात जातो. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते, पण आपल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

म्हणजे कुंडीतल्या भरावाला, ज्याला बागायतदार ‘माध्यम’ म्हणतात, आपल्याकडे दोन उलट कामे करावी लागतात. पावसाळ्यात पाणी झटकून टाकायचे आणि उन्हाळ्यात थोडी ओल धरून ठेवायची. शिवाय तीन-चार वर्षे तरी ते कुजता कामा नये. बंगळूरच्या थंड हवेत जे चालते ते इथे चालेलच असे नाही. पुस्तकातली कृती आंधळेपणाने उचलू नये, ती याचसाठी.

माध्यम मरते कसे?

लाकूड, साल, सोडण, पाने ही सगळी एके काळी जिवंत होती. ओल आणि ऊब मिळाली की बुरशी व जंतू त्यांना खाऊ लागतात. आपल्या शेणखताच्या खड्ड्यात हेच घडते आणि तिथे ते आपल्याला हवे असते. कुंडीत मात्र तेच घातक ठरते. इंचभराचा तुकडा कुजून भुगा होतो. भुगा खाली बसतो. तुकड्यांमधल्या ज्या पोकळ्यांतून हवा खेळत होती त्या बुजतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाणी घातल्यावर कुंडीच्या तळाचा थोडा भाग, भोके असली तरी, ओलाचिंब राहतोच. अंघोळीचा स्पंज उभा टांगून पाहा : वरचा भाग निथळतो, खालच्या कडेला पाणी धरून राहते. भरड माध्यमात हा ओला थर बोटभर असतो. माध्यम जितके बारीक, तितका तो थर उंच चढतो. भुशाने भरलेल्या लहान कुंडीत तो अर्ध्या कुंडीपर्यंत येतो आणि नेमकी तिथेच मुळे असतात. ताईंच्या कुंड्यांत हेच झाले. पहिल्या पावसाळ्यात तुकडे कडक होते म्हणून निभावले. दुसऱ्या पावसाळ्यात भुसा गाळ झाला होता.

कोणत्या वस्तू, कोणते गुण

*नारळाचे सोडण.* हलके, सहज कापता येणारे आणि उन्हाळ्यात ओल धरणारे. थायलंडात डेंड्रोबियम जातीच्या आमरीची मोठी शेती कित्येक वर्षे सोडणावर चालत आली आहे. पण आपल्या पावसात उघड्यावर ते दोन वर्षांत मऊ पडते. पिकलेल्या, तपकिरी नारळाचेच सोडण घ्या. शहाळ्याच्या गाड्यावरचे हिरवे सोडण फुकट मिळते खरे, पण त्यात रस असतो आणि ते लवकर कुजते. सोडणात क्षार आणि तपकिरी रंग सोडणारे तुरट द्रव्यही असते. म्हणून इंच-दीड इंचाचे तुकडे करून तीन-चार दिवस पाण्यात बुडवा, रोज पाणी बदला आणि पाणी बरेच स्वच्छ दिसू लागले की उन्हात वाळवा. समुद्रकाठचे सोडण असेल तर हे धुणे मुळीच टाळू नका.

*काथ्याचा भुसा.* बाजारात याच्या दाबलेल्या विटा कोकोपीट म्हणून मिळतात. भाजीची रोपे करायला उत्तम. झाडावरच्या आमरीला नको.

*लोणारी कोळसा.* लाकडाचा कोळसा, दगडी नव्हे. जंतूंना त्यात खाण्यासारखे फारसे उरलेले नसते, म्हणून तो कुजत नाही. हलका असतो आणि बारीक छिद्रांत थोडी ओल धरतो. ‘कोळसा कुंडीतले सगळे विष शोषून घेतो’ असे काही जण सांगतात. तेवढा भरवसा ठेवू नका. खतातले क्षार त्यातही साठतातच. सुपारीएवढे ते लिंबाएवढे तुकडे घ्या आणि भुकटी चाळून टाका.

कोळशाबद्दल आणखी थोडे बोलायला हवे. आपल्या भागात कोळसा पाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कातकरी कुटुंबांनी केले. दिवाळीनंतर उचल घेऊन बायकामुलांसह भट्टीवर जायचे आणि उचल काही फिटायची नाही, ही कहाणी कातकरवाडीच्या शेजारी राहणाऱ्याला सांगावी लागत नाही. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कोळसा कुठून आला, मजुरी रोख मिळते का, हे घेणाऱ्याने विचारावे. घरच्या पाच-पंचवीस कुंड्यांना तर चुलीतले निखारेही पुरतात. स्वयंपाक आटोपल्यावर ते पाणी शिंपडून विझवा, डब्यात साठवा आणि वापरण्यापूर्वी चांगले धुऊन राख काढून टाका. राखेतला खार मुळांना सोसत नाही.

*विटांचे रोडे.* आपल्या भागाला मिळालेले खरे वरदान हे. वीटभट्ट्या आपल्या पंचक्रोशीत आहेत आणि फुटक्या विटा कुणाला नको असतात. भाजलेली वीट कुजत नाही. शिवाय तिच्या अंगात बारीक छिद्रे असल्याने ती माठासारखी पाणी पिते आणि हळूहळू सोडते. पक्क्या विटेने चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असा साध्या बांधकामाच्या विटांचा भारतीय मानकातला नियम आहे. तीन किलोची कोरडी वीट बादलीत बुडवून दुसऱ्या दिवशी वजन करा. ती तीन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त भरली किंवा पाणी गढूळ झाले, तर ती कच्ची आहे असे समजा. कच्ची वीट कुंडीत विरघळून चिखल होते. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला की ती चांगली.

जास्त भाजून काळपट झालेली खंगर वीटही चालते. ती पाणी कमी पिते, म्हणून पावसात उघड्या राहणाऱ्या कुंड्यांना बरी. पाडलेल्या भिंतीच्या विटा घेत असाल तर चुना-सिमेंट लागलेले तुकडे बाजूला काढा. सिमेंटचे ठोकळे आणि राखेच्या करड्या विटाही नकोत. त्यांतला चुना पाण्यात उतरतो आणि आमरीला थोडे आंबट वळणाचे पाणी मानवते.

*मंगलोरी कौलांचे तुकडे.* जुन्या घराची कौले उतरवली की ती उकिरड्यावर जातात. धुऊन, फोडून वापरा. गुण विटेसारखेच, पण तुकडे चपटे असल्याने एकावर एक बसतात. म्हणून नुसत्या खापऱ्या न भरता विटेच्या रोड्यांत मिसळा.

*काळ्या दगडाची खडी.* कधीच कुजत नाही, पण पाणीही धरत नाही आणि वजन फार. कुंडी वाऱ्याने पडू नये म्हणून तळाला मूठभर घालावी, इतपतच तिचा उपयोग. परदेशात हवाई बेटांवर ज्वालामुखीचा दगड आमरीला वापरतात असे कुणी सांगेल. ते खरे आहे. पण तो दगड फेसासारखा सच्छिद्र आणि हलका असतो. आपला सह्याद्रीचा दगडही ज्वालामुखीचाच, मात्र तो घट्ट आणि जड आहे. नाव एक, गुण वेगळे.

*भाताचे तूस.* आपल्याकडे ढिगाने असते म्हणून मोह होतो. ते इतर काडीकचऱ्यापेक्षा हळू कुजते, पण बारीक असल्याने दाबून बसते. आमरीच्या कुंडीत नको.

*झाडाची साल.* थंड मुलखात पाइनची साल वापरतात. ती तिकडच्या लाकूड गिरण्यांतून उरलेली असते. ते ऐकून कुणी आपल्या ऐनाची किंवा खैराची साल काढायला जाऊ नये. चारी बाजूंनी साल सोललेले झाड मरते.

*थर्माकोल.* कुजत नाही एवढाच गुण. पाणी धरत नाही, पाणी घालताना वर तरंगून येतो आणि शेवटी त्याचे मणी भातखाचरात जातात.

युरोप-अमेरिकेतल्या बागायतदारांनाही हा धडा शिकावा लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांचे जाळे कुंडीत भरत. त्याच्यासारखे टिकाऊ दुसरे काही नाही असे त्यांना वाटे. पुढे ते दुर्मीळ आणि महाग झाले, तेव्हा १९५० नंतर त्यांना गिरणीतल्या सालीकडे वळावे लागले. जे रानातून ओरबाडून आणावे लागते ते माध्यम स्वतः टिकाऊ असले, तरी त्यावरचा धंदा टिकाऊ नसतो.

मग मिश्रण कोणते?

नेहमीच्या सहा इंची कुंडीतल्या डेंड्रोबियमसाठी पुढील प्रमाण धरावे. ते पाटीने मोजा, वजनाने नव्हे.

वर प्लॅस्टिकचे छत असेल आणि पाऊस थेट पडत नसेल तर : विटांचे रोडे ३ पाट्या, कोळसा २ पाट्या, धुतलेले सोडण १ पाटी.

नुसते शेडनेट असेल आणि पावसाची धार कुंडीत पडत असेल तर : विटांचे रोडे ३ पाट्या, कोळसा २ पाट्या. सोडण मुळीच नको. उन्हाळ्यात वरून दोन-चार सोडणाचे तुकडे पसरून ठेवा आणि मृग लागण्यापूर्वी ते उचलून टाका. ओलीची सोय होते आणि कूजही टळते.

तळाला लिंबाएवढे तुकडे, वर सुपारीएवढे. त्याहून बारीक सगळे चाळणीखाली गेले पाहिजे. रोडे भरण्यापूर्वी धुऊन रात्रभर पाण्यात ठेवा. कोरडी वीट मुळाचेच पाणी ओढून घेते. रोप रोवू नका. मुळे तुकड्यांवर पसरवून बसवा, बुंधा वरच राहू द्या आणि काडीला सुतळीने बांधून आधार द्या. रोप हलत राहिले तर नवी मुळे धरत नाहीत.

कुंडी मातीची असेल तर अधिक चांगली. गावच्या कुंभाराला तळाबरोबर बाजूलाही चार-सहा मोठी भोके ठेवायला सांगा. प्लॅस्टिकची असेल तर तापलेल्या सळईने बाजूला भोके पाडा.

वजनाचा आणि मजुरीचा हिशेब

सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर माध्यम मावते. हजार कुंड्यांना दोन हजार लिटर, म्हणजे दोन घनमीटर. आपल्या भाषेत पाऊण ब्रासपेक्षा थोडे कमी. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत मावेल एवढाच माल. मात्र रोड्यांची ओली कुंडी दोन-अडीच किलो भरते, सोडणाची त्याच्या निम्मीसुद्धा नसते. दहा फूट लांब, चार फूट रुंद मांडणीवर साठ कुंड्या ठेवल्या तर दीडशे किलोचा भार झाला. नुसत्या बांबूच्या मांडणीवर हा भार दोन पावसाळे टिकणार नाही. मांडणी आधी मजबूत करा, मग विटा फोडा.

आता मजुरी पाहा. एक कुंडी रिकामी करून, मुळे साफ करून पुन्हा भरायला दहा मिनिटे धरा. हजार कुंड्यांना दहा हजार मिनिटे, म्हणजे एकशे सहासष्ट तास. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाचे एकवीस दिवस. सोडणाच्या कुंडीला हे दर दोन वर्षांनी करावे लागते. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येते आणि घरचे काम म्हणून ते हिशेबात धरलेच जात नाही. शिवाय मुळे दुखावल्याने रोप काही महिने फुलत नाही, तो तोटा वेगळाच. विटा-कोळशाच्या कुंडीत रोप चार वर्षेही सुखाने राहते. कुंडी लहान पडली तर मुळांसकट गड्डा उचलून मोठ्या कुंडीत ठेवायचा आणि भोवती नवे रोडे भरायचे. जुने काही काढावे लागत नाही. सोडण स्वस्त दिसते ते पहिल्या वर्षीच.

टिकाऊ माध्यमाचीही निगा लागते

वीट कुजत नाही म्हणून काम संपले असे नाही. तिच्यात कस अजिबात नसतो, तेव्हा खत आपणच द्यायचे. पाण्यात पूर्ण विरघळणारे १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरे. जास्त दिल्याने जास्त फुले येत नाहीत.

विटांवर पांढरी खरपुडी दिसू लागली की क्षार साठले असे समजा. बोअरचे पाणी जड असेल तर हे लवकर होते. महिन्यातून एकदा खत न घालता प्रत्येक कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्या. पत्र्यावरचे पावसाचे पाणी पिंपात, टाकीत साठवता आले तर आमरीला त्याच्यासारखे पाणी नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी एकदा तपासून घ्या. त्याचा खर्च दहा रोपांच्या किमतीपेक्षा कमीच येईल.

रोड्यांची कुंडी सोडणापेक्षा लवकर सुकते. मार्च ते मे रोज सकाळी पाणी हवे आणि फार ऊन असेल तर दुपारनंतर मांडणीखालची जमीन भिजवावी. तेवढे पाणी उन्हाळ्यात तुमच्याकडे असेल का, हा प्रश्न रोपे घेण्याआधीच स्वतःला विचारा. गावात टँकर येत असेल तर हजार कुंड्यांचा विचारही करू नये.

पावसाळ्यात कुंडीच्या तळाशी गोगलगाई लपतात आणि रात्री मुळांची हिरवी टोके खातात. रात्री बॅटरी घेऊन वेचा. मेलेल्या रोपाच्या विटा पुन्हा वापरायच्या असतील तर धुऊन, विस्तवात चांगल्या तापवून घ्या, म्हणजे रोग मागे राहत नाही. कोळसा आणि सोडण मात्र फेकूनच द्या. कापायची सुरी प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर धरा. आमरीचे विषाणू सुरीवरून पसरतात आणि त्यांना औषध नाही.

सगळ्यांत टिकाऊ माध्यम दारातच उभे आहे

विक्रीसाठी नव्हे, घराच्या शोभेसाठी पाच-दहा रोपे हवी असतील तर कुंडी नकोच. दारचा आंबा किंवा जांभूळ असेल तर खोडावर, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूला रोप काथ्याच्या दोरीने बांधा. पावसाच्या सुरुवातीला बांधलेले रोप पावसाळाभरात धरते. दोरी कुजेपर्यंत मुळांनी साल पकडलेली असते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, म्हणून रानात आमरी तिच्यावर इतकी रमते. पेरू, निलगिरी यांची साल सुटून पडते, तिथे बांधू नका. जिवंत झाडाची साल कुजत नाही, भरावी लागत नाही, बदलावी लागत नाही.

मात्र ही रोपे रानातून आणू नका. तानसा अभयारण्यातून कोणतेही झाड काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे आणि राखीव जंगलाचेही तेच. कायदा बाजूला ठेवला तरी रानातली मोठी आमरी उपटून आणली की तिची मुळे तुटतात आणि बहुतेक वेळा ती जगत नाही. तिचे बी धुळीएवढे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो, म्हणून विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रानात ते रुजत नाही. नड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली साखर घातलेल्या खळीवर बुरशीविना बी रुजवून दाखवले आणि १९६० साली मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंबाच्या टोकापासून रोपे करण्याची वाट दाखवली. आज प्रयोगशाळेतली रोपे मिळतात ती या वाटेनेच. मग रान कशाला उजाड करायचे? हां, रस्त्यासाठी किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडावर आमरी दिसली, तर वनखात्याच्या माणसाला विचारून ती शेजारच्या झाडावर जरूर बांधा. ते पुण्याचे काम आहे.

ताईंना उत्तर

ताई, नाद सोडू नका. पण यंदा नवी हजार रोपेही घेऊ नका. पावसाळा चालू असेपर्यंत उरलेल्या कुंड्या छताखाली घ्या, गच्च झाल्या असतील तर पाणी बंद ठेवा. मूळ बोटांनी दाबून पाहा : टणक आणि पांढरे ते जिवंत, पोकळ होऊन आत नुसता दोरा उरला असेल ते मेलेले. ज्या रोपांना तीन-चार जिवंत मुळे आहेत ती वाचू शकतात. त्यांना थांबवू नका. भुसा झटका, मेलेली मुळे कापा आणि नुसत्या कोळशात बसवा. बाकीच्या कुंड्या होळीच्या सुमारास, नवा कोंब फुटू लागला की बदला, म्हणजे पावसापूर्वी मुळे धरतात.

जुन्या काठ्या फेकू नका. त्यांच्या पेरांवर पुष्कळदा पिले येतात. पिलाला दोन इंचांची मुळे फुटली की ते अलगद काढून लावा. अशी शे-दोनशे रोपे घरचीच होतील. पुढचा पावसाळा ती विटा-कोळशात सुखरूप निभावली, की मगच नव्या रोपांना पैसे घाला. शेडनेटचा काही भाग तोवर भेंडीच्या, मिरचीच्या रोपांना द्या, म्हणजे हप्त्याला हातभार लागेल. बँकेत जाऊन अडचण वेळेवर सांगा. हप्ते तुंबल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. प्लॅस्टिकचे छत, सावलीघर यांसाठी अनुदानाच्या योजना असतात. त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करून मगच महाडीबीटीवर अर्ज करा.

आणि ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही त्यांनी पन्नास कुंड्यांपासून करावी. जात डेंड्रोबियमच घ्यावी. तिला आपला उकाडा सोसतो. बाजारात दिसणारी रुंद पानांची, फुलपाखरासारख्या फुलांची फॅलनॉप्सिस फुलायला गार रात्री मागते. सिंबिडियम तर सिक्कीमसारख्या थंड डोंगरातली. फुलाच्या रंगाला भुलून ती इथे आणू नये. पन्नास कुंड्यांनी दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पाहिले, की तुम्हाला कुणाला विचारायची गरज उरणार नाही.

पुढच्या अंकात : पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवण्याची सोपी, कमी खर्चाची टाकी.